कापलेल्या बोर्डावरचा शॉर्ट

निन्टेन्डोचा 'वी' हा कन्सोल २००६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत आला आणि पुढे जगभर दहा कोटींहून अधिक विकला गेला. इतका विकला गेला, की जुन्या बाजारात आज तो कापायला कुणाचा हात थरथरत नाही. कापायला म्हणजे अक्षरशः कापायला. अमेरिका-युरोपातली हौशी मंडळी त्याचा मदरबोर्ड कातरतात. डिस्क ड्राइव्हची जोडणी, जुन्या कंट्रोलरची सॉकेटं, मूळचे रेग्युलेटर हे सगळं केराच्या टोपलीत जातं. उरतो आयबीएमचा ब्रॉडवे प्रोसेसर, एटीआयची हॉलीवूड ग्राफिक्स चिप आणि मेमरी असलेला मधला तुकडा. त्याला स्क्रीन, बॅटरी आणि नवे छोटे रेग्युलेटर जोडले की टीव्हीपुढचा खेळ हातात येतो. २०२४ मध्ये तर ६० मिमी लांब, तितकाच रुंद आणि १६ मिमी जाड असा 'कवाई' नावाचा वी काहींनी करून दाखवला.

लोक कौतुक करतात ते कापण्याचं. माझ्या मते खरी विद्या त्यानंतर सुरू होते, बोर्ड मेल्यासारखा पडून राहतो तेव्हा.

या बोर्डाला चार मुख्य व्होल्टेज लागतात: १, १.१५, १.८ आणि ३.३. बोर्डाच्या पोटात तांब्याचे थर आहेत, मध्ये काचतंतू आणि इपॉक्सी. कटरचं पातं त्यातून जाताना मऊ तांबं कडेवर फासलं जातं. पॉवरच्या थरातलं तांबं ग्राउंडच्या थराला टेकलं की झाला शॉर्ट, आणि तो नुसत्या डोळ्यांना दिसेलच असं नाही. म्हणून कापल्यावर कड पॉलिश पेपरने, पाण्याखाली, बारीक होत जाणाऱ्या दाण्यांनी घासतात. पाणी चकाकीसाठी नाही. काचतंतूंची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून. मास्क तरीही हवाच.

मग मीटर. इथेच नवखे फसतात. एक व्होल्टच्या लाइनीला आणि ग्राउंडला पिना लावल्या, मीटरचा बीप वाजला, की 'शॉर्ट!' म्हणून मोकळे. पण पुष्कळ मीटर तीस-पन्नास ओहमांच्या खाली सरसकट बीप देतात, आणि ज्या लाइनीवर एवढी मोठी चिप बसली आहे तिचा रोध मुळातच कमी असतो. बीप ऐकायचा नाही, आकडा वाचायचा. तो आकडा निरोगी बोर्डाच्या आकड्याशी ताडायचा. आणि निरोगी बोर्ड हाताशी नसेल तर निदान तोच बोर्ड कापण्याआधी मोजून वहीत लिहून ठेवायचा. याचा कंटाळा बहुतेकांना येतो. शिवाय दोन पिना एकमेकींना टेकवल्या तरी मीटर ०.२-०.३ ओहम दाखवतो, त्यामुळे ०.०५ ओहमचा शॉर्ट बोर्डावर नक्की कुठे आहे हे साधा मीटर सांगूच शकत नाही.

ते उष्णता सांगते. करंटची मर्यादा बांधता येणारा पॉवर सप्लाय घ्यायचा, व्होल्टेज त्या लाइनीच्या ठरलेल्या व्होल्टेजच्या वर अजिबात जाऊ द्यायचं नाही, आणि करंट हळूहळू चढवायचा. ०.१ ओहमच्या शॉर्टमधून ३ अँपिअर गेले तर ०.९ वॉट तिथे उष्णता होऊन निघतात. टिचभर जागेत एवढं पुष्कळ झालं. थर्मल कॅमेरा असेल तर ठिपका दिसतो. नसेल तर बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल ओतायचं आणि ते आधी कुठून उडतं ते बघायचं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या मोबाइल रिपेअरवाल्याला यात नवं काहीच वाटणार नाही. 'फुल शॉर्टिंग', 'हाफ शॉर्टिंग' हे त्याचे रोजचे शब्द. राळेचा धूर देऊन बोर्डावर पांढरा थर बसवायचा आणि तो कुठे वितळतो ते पाहायचं, ही युक्तीही या धंद्यात जुनी आहे. वी कापणाऱ्याचा वेगळेपणा एवढाच, की त्याचा बिघाड त्याने स्वतःच्या हाताने केलेला असतो. त्यामुळे संशयित थोडे असतात. ठिपका कडेवर दिसला तर पुन्हा घासायचं आणि मग वार्निशने किंवा कॅप्टॉन टेपने कड बंद करायची. कडेजवळच्या सिरॅमिक कपॅसिटरवर दिसला, तर कापताना बोर्ड वाकून तो आतून तडकला असण्याची शक्यता मोठी. वरून तो अगदी धडधाकट दिसतो. काढून टाकला की लाइन मोकळी होते. एकाच लाइनीवर तसे अनेक जोडलेले असतील तर तात्पुरतं त्याच्यावाचून चालतंही. पण बदलून टाकावा हे बरं. वायर जोडताना सांडलेला सोल्डर हा तिसरा संशयित, आणि खरं तर आधी भिंगाखाली त्यालाच शोधायला हवं, कारण तो फुकटात सुटतो.

उष्णता पसरट असेल, अख्खी हॉलीवूड सारखी तापत असेल, तर दोष बहुधा चिपच्या पोटात आहे. रेग्युलेटर चुकीच्या लाइनीला जोडून 'चालू करून तर बघू' म्हणणाऱ्यांच्या वाट्याला हे येतं. असा बोर्ड सुट्या भागांसाठी ठेवतात. त्याची ५१२ एमबीची फ्लॅश मेमरी मात्र दुसऱ्या वीत नुसती बसवून चालत नाही, कारण ती कूटबद्ध असते आणि किल्ल्या त्या-त्या हॉलीवूडमध्येच जाळून ठेवलेल्या असतात. म्हणून जाणते लोक कटर हातात घेण्याआधी 'बूटमी' नावाच्या प्रोग्रामने मेमरीची नक्कल काढतात. त्या फाइलच्या शेवटी किल्ल्याही येतात, आणि बोर्ड गेला तरी खेळांचे सेव्ह बाहेर काढता येतात.