विश्लेषण : घरातल्या कॅमेऱ्याचे फर्मवेअर शेवटचे कधी अपडेट झाले?

दोन-अडीच हजारांचा वाय-फाय कॅमेरा भिंतीवर बसतो, मोबाइलवर चित्र दिसू लागते आणि मग त्याच्या सेटिंग्जमध्ये सहसा कुणी डोकावत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील सीसीटीव्ही चित्रण टेलिग्रामवर विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते.

फर्मवेअर म्हणजे काय?

कॅमेरा हा छोटा संगणकच असतो. त्याला चालवणारी, चिपमध्ये साठवलेली प्रणाली म्हणजे फर्मवेअर. मोबाइलमधले अ‍ॅप अपडेट झाले म्हणजे कॅमेराही झाला, असे नाही. ही गल्लत सर्रास होते.

पासवर्ड बदलला की पुरे?

नाही. २०१६ मध्ये ‘मिराई’ या मालवेअरने कंपनीने दिलेले साठेक युजरनेम-पासवर्ड वापरून जगभरातील कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. काही उपकरणांत तो पासवर्ड फर्मवेअरमध्येच कोरलेला होता, मालकाला बदलताच येत नव्हता. अमेरिकेतील ‘वाइझ’ या स्वस्त कॅमेऱ्यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. मेमरी कार्डावरील चित्रण लॉगइनशिवाय वाचता येते, हे ‘बिटडिफेंडर’ने कंपनीला मार्च २०१९ मध्ये कळवले. दुरुस्ती यायला २०२२ उजाडले. पहिल्या पिढीच्या कॅमेऱ्याला तर ती मिळालीच नाही. त्याचे उत्पादन तोवर बंद झाले होते. कॅमेरा मात्र लोकांच्या घरात चालूच होता.

अपडेट कसे करावे?

अ‍ॅपमध्ये कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस इन्फो’ किंवा ‘फर्मवेअर अपडेट’ असा पर्याय असतो. अपडेट सुरू असताना वीज गेली तर कॅमेरा कायमचा बंद पडू शकतो, त्यामुळे भारनियमनाची वेळ टाळलेली बरी. मेमरी कार्डावरून अपडेट करायचे असल्यास खालच्या स्टिकरवरचा मॉडेल क्रमांक आणि हार्डवेअर आवृत्ती दोन्ही जुळायला हवेत. फाइल फक्त कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्यावी. यूट्यूब व्हिडिओखालच्या लिंकवरून मुळीच नको. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर कॅमेरा त्यावर ठेवावा आणि ‘यूपीएनपी’ बंद करावे.

अपडेट येणेच थांबले असेल तर?

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षा अपडेट किती काळ मिळतील, हे उत्पादकाला सांगावेच लागते. भारतातही एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षा चाचणी सक्तीची आहे, पण आधीच भिंतीवर लागलेल्या कॅमेऱ्यांना त्याचा उपयोग नाही. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला कॅमेरा निदान शयनगृहातून आणि पाळण्यासमोरून आजच काढावा.