सूक्ष्मनियंत्रकाला एक सेकंद शिकवू या

गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांधीला पाणी देणारा विहिरीवरचा पंप तुम्ही पाहिला असेल. विहिरीतले पाणी उतरले तरी पंप चालूच राहिला, तर तो तापून निकामी होतो. समजा, पाणी उतरताच पंप आपोआप बंद करणारे साधन आपल्याला तयार करायचे आहे. त्यासाठी विहिरीत एक तरंगता गोळा सोडू. पाणी उतरले की गोळा खाली येईल आणि त्याला जोडलेली कळ दाबली जाईल. कळीवर नजर ठेवण्याचे काम सूक्ष्मनियंत्रकाकडे देऊ.

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे सिलिकॉनच्या एका चकतीवर मावणारा छोटा संगणक. १९८० साली इंटेल कंपनीने काढलेला ८०५१ हा त्यांतला प्रसिद्ध. आज्ञा साठवायला त्यात ४,०९६ बाइट आणि तात्पुरत्या नोंदींसाठी अवघे १२८ बाइट! महाराष्ट्रातील बारावीच्या संगणकशास्त्रात त्याची ओळख अनेक वर्षे करून दिली गेली.

आपली आज्ञावली सोपी वाटते: कळ पाहा; दाबलेली असेल तर पंप बंद, नसेल तर चालू; पुन्हा पहिल्या आज्ञेकडे जा. पण पाणी हिंदकळते, गोळा खालीवर होतो. ८०५१ ही फेरी काही मायक्रोसेकंदांत पुरी करतो, म्हणून तो प्रत्येक हिंदकळ्याला हुकूम मानतो. पंप चालू-बंद, चालू-बंद होऊ लागतो. सुरू होताना मोटार नेहमीच्या पाच-सात पट विद्युतप्रवाह ओढते. म्हणजे ज्याला वाचवायचे, तोच पंप जळायचा!

उपाय असा: एकेका सेकंदाने सलग पाच वेळा कळ दाबलेली आढळली, तरच पंप बंद करावा. सुरू करतानाही हाच नियम.

आता खरी गंमत. 'एक सेकंद थांब' अशी आज्ञाच ८०५१ला नाही! असेंब्ली भाषेत आपल्याजवळ आहे ती एवढीच: 'एक वजा कर, शून्य झाले नसेल तर परत जा.' १२ मेगाहर्ट्झचा स्फटिक जोडला, तर या आज्ञेला २ मायक्रोसेकंद लागतात. एका नोंदस्थानात २५५ पर्यंतच संख्या मावते. म्हणून एकात एक अशा तीन फेऱ्या रचू:

१० × २०० × २५० × २ = १०,००,००० मायक्रोसेकंद, म्हणजे एक सेकंद.

सी भाषेत अशी फेरी लिहिली, तर तिच्या आज्ञा किती होतील हे भाषांतर करणारी आज्ञावली ठरवते. असेंब्लीत मात्र प्रत्येक आज्ञेचा वेळ तुमच्या हिशेबात असतो.

हा हिशेब अजून अपुरा आहे. २५० ही संख्या दर वेळी पुन्हा भरायला १ आणि मधली फेरी मोजायला २ मायक्रोसेकंद जास्त लागतात. असे २,००० वेळा घडते. म्हणजे आपला सेकंद ६ मिलिसेकंदांनी लांबला. पंपाला त्याचे काही नाही. पण याच आज्ञावलीवर घड्याळ चालवले, तर ते दिवसाला सुमारे साडेआठ मिनिटे मागे पडेल.

मग २५० च्या जागी कोणती संख्या घ्याल? वही-पेन्सिल घेऊन शोधा. उत्तर पडताळताना विजेच्या पंपाला हात लावू नका. ८०५१ला एक छोटा एलईडी जोडला तरी पुरे.