वांग्याचा रंग उतरतो तेव्हा

दिवाळी आटोपली की नागपूरला वांग्याचे वेध लागतात. चातुर्मासात ज्यांच्या घरी कांदा-वांगं वर्ज्य, ते चंपाषष्ठीच्या भरीत-रोडग्याची वाट पाहतात. ज्यांना असला नेम नाही, त्यांची चूल आधीच पेटलेली असते. प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला या बाजूला गच्चीवर नाहीतर कंपाउंडच्या कडेला वांग्याची झाडं लावणारी हौशी मंडळी आहेत. त्यांची तक्रार ठरलेली: झाड झकास आहे, पण वांगी डागाळतात, पिवळी पडतात, विटकरी होतात. मग कृषी केंद्रातून फवारणीची बाटली येते. माझं म्हणणं एवढंच, की यातली बरीच वांगी आजारी नसतातच. कुणाला ऊन लागलेलं असतं, कुणाला थंडी बाधलेली असते, कुणाला तोडायलाच उशीर झालेला असतो.

जांभळ्या वांग्याचा रंग नासुनिन नावाच्या द्रव्याचा. जपानच्या रसायनशास्त्रज्ञ चिका कुरोदा यांनी 1930च्या दशकात त्याचा अभ्यास केला. हे द्रव्य फक्त सालीत असतं आणि उजेड मिळाल्याशिवाय नीट तयार होत नाही. खात्री करायची असेल तर झाडावरच्या कोवळ्या वांग्याच्या देठाची हिरवी काटेरी टोपी नखानं हलकेच उचलून पाहा. खाली पांढरट पट्टा दिसेल. तो नुकताच वाढलेला, अजून ऊन न लागलेला भाग. पट्टा रुंद असेल तर वांगं जोमात वाढतंय. पट्टाच नसेल तर वाढ थांबली, वांगं जून झालं. बाजारातही ही परीक्षा चालते, भाजीवालीच्या नजरेचा धाक सोसायची तयारी मात्र हवी.

जून वांग्यातलं जांभळं द्रव्य कमी होत जातं, चकाकी जाते, साल आधी तपकिरी आणि मग पिवळी दिसू लागते. आत बिया तपकिरी आणि टणक. हा रोग नव्हे, म्हातारपण आहे. वांगं आपण कोवळं खातो म्हणून ते विसरतो. बियाण्यासाठी राखलेलं फळ पिवळं पडेपर्यंत झाडावरच ठेवतात. खायचं असेल तर चकाकी असतानाच तोडावं, आणि ओढून नव्हे, देठासकट कापून.

उन्हाचं प्रकरण वेगळं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. उजेड हवा असला तरी इतकी उष्णता रंगाला सोसत नाही. पश्चिमेकडे तोंड केलेल्या वांग्यावर फिकट, कागदासारखा कोरडा चट्टा पडतो, तोही एकाच अंगाला. डाग एकाच बाजूला असला की आधी उन्हावर संशय घ्यावा. पानं छाटून झाड ‘मोकळं’ करण्याची हौस इथेच नडते. दुपारपुरती हिरवी जाळी बांधली तरी काम होतं.

वांग्याच्या बुडाशी काळपट, खोलगट डाग आला तर गोष्ट बहुधा कॅल्शियमची असते. आपल्या काळ्या मातीत चुना कमी नसतो, पण कुंडी एक दिवस कोरडी ठणठणीत आणि दुसऱ्या दिवशी तुडुंब असेल तर मुळं तो उचलणार कशी? पाणी सारखं द्या, बुडाशी पालापाचोळा अंथरा. याच चुनखडीचा दुसरा त्रास म्हणजे झाडाला लोह मिळत नाही: नवी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जुनी पानं शिरांमधून पिवळी होत असतील तर मॅग्नेशियम कमी असण्याची शक्यता जास्त. कुठलं पान आधी पिवळं पडलं हे पाहिल्याशिवाय खत विकत घेऊ नये.

थंडीत वांगी घरात आणून ती फ्रिजमध्ये कोंबण्याची आपली सवय मात्र सरळ चुकीची आहे. वांग्याला 10 ते 12 अंश मानवतात; फ्रिजमध्ये असतात 4-5. आठवडाभरात सालीवर खळगे पडतात, तपकिरी चट्टे उठतात, आतल्या बिया काळ्या होतात. आणि नागपूरची थंडीही काही कमी नाही. 29 डिसेंबर 2018ला पारा 3.5 अंशांवर आला होता. वांगी कागदात गुंडाळून ओट्याच्या सावलीत ठेवावीत, दोन दिवसांत संपवावीत. केळी आणि पिकलेल्या टोमॅटोंच्या टोपलीत नकोतच. त्यांच्यातून सुटणाऱ्या इथिलीन वायूनं वांग्याचे देठ गळतात.

चिरलेल्या फोडी काळ्या पडतात ते गरातल्या क्लोरोजेनिक आम्लामुळे. चिरल्यावर पेशी फुटतात, विकर आणि हवा एकत्र येतात आणि गर तपकिरी होतो. लोखंडी विळीवर तो आणखी काळवंडतो. मिठाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात फोडी बुडवल्या की भागतं. काळी फोड विषारी नसते, दिसायला वाईट एवढंच.

खरे रोग ओळखता येतात. फिकट खोलगट डाग आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके गोल-गोल कड्यांत दिसले तर ती फोमॉप्सिस बुरशी. ती बियाण्यातूनही येते, म्हणून त्या झाडाचं बी धरू नये. पानं बारीक होऊन झुपक्यानं आली तर पर्णगुच्छ. तुडतुडे तो पसरवतात आणि औषध नाही. झाड उपटून टाकायचं, जीव हळहळला तरी.

सगळ्यात मोठा शत्रू मात्र शेंडे आणि फळं पोखरणारी अळी. तिच्यासाठीच जालन्याच्या महिको या बियाणे कंपनीनं जनुक बदललेलं बीटी वांगं काढलं. ऑक्टोबर 2009मध्ये केंद्राच्या जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीनं त्याला हिरवा कंदील दाखवला, जानेवारी 2010पासून तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी देशभर जनसुनावण्या घेतल्या, त्यांतली एक नागपुरात झाली, आणि 9 फेब्रुवारीला त्यांनी स्थगिती जाहीर केली. बांगलादेशात 2014पासून ते वांगं पिकतं आहे. या वादात कुणाची बाजू खरी का असेना, आपल्या चार झाडांसाठी त्याची गरज नाही. अळी आधी कोवळ्या शेंड्यात शिरते आणि शेंडा मान टाकतो. तो चिरला की आत गुलाबीसर अळी सापडते.

असा सुकलेला शेंडा दिसला की त्याच दिवशी खुडा, भोकं पडलेली वांगीही तोडा, आणि दोन्ही कचऱ्यात न फेकता जाळा किंवा खोल पुरा. टोमॅटो-मिरचीच्या जुन्या कुंडीत वांगं लावू नका. आणि शेजाऱ्यांनाही हे सांगा, कारण या अळीचा पतंग कंपाउंडची भिंत सहज ओलांडतो आणि एकट्यानं कितीही शेंडे खुडले तरी पुरत नाहीत.