ठिपके गेले, रोग गेला नव्हता

मागच्या पावसाळ्यात आमच्या धाकट्याने ईदीच्या पैशांतून सात मॉली मासे आणले. पिशवी उघडली आणि मासे थेट टाकीत सोडले. चार-पाच दिवसांत एकाच्या शेपटीवर साखरेचे दाणे चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसले. मासे दगडांना अंग घासू लागले. औषध आणले, तीन दिवस घातले, ठिपके गेले. आम्ही औषध थांबवले. पुढच्या आठवड्यात ठिपके दुप्पट झाले आणि पाच मासे मेले. पोरगा दोन दिवस टाकीकडे फिरकला नाही.

चूक आमचीच होती. तुमच्या घरी ती होऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

ठिपके परत का येतात?

हा इक्थिओफ्थिरिअस नावाचा एकपेशीय परजीवी. शौकीन त्याला नुसते 'इक' म्हणतात. तो माशाच्या कातडीखाली वाढतो. तिथे औषध पोहोचत नाही. वाढ झाली की तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्ले तयार होतात. ती बाहेर पडून नवा मासा शोधतात. औषध लागू पडते ते याच पोहणाऱ्या पिल्लांवर. म्हणजे ठिपके गेले तेव्हा आमचा रोग तळाच्या वाळूत वाढत होता.

उपचार

एका माशावर ठिपका दिसला तरी उपचार पूर्ण टाकीवर करा. हीटर असेल तर तापमान हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, ३० अंशांपर्यंत न्या. उबेत परजीवीचे चक्र लवकर पुरे होते आणि औषधाला संधी मिळते. गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून हवेचा पंप चालूच ठेवा.

औषधाचे प्रमाण बाटलीवर लिहिलेले असते, पण त्यासाठी पाणी किती ते कळायला हवे. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, हजाराने भागा. ४५ × ३० × ३० म्हणजे सुमारे ४० लिटर. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. मॅलॅकाइट ग्रीन असलेले औषध हातमोजे घालूनच वापरा आणि मुलांच्या हाती देऊ नका. लोच आणि कॅटफिशसारख्या माशांना ते सोसत नाही. त्यांच्यासाठी मात्रा दुकानदाराला विचारून कमी करा.

दर दोन दिवसांनी तळ उपसून पाव पाणी बदला. नळाचे पाणी आधी २४ तास उघडे ठेवा किंवा क्लोरीन काढणारे थेंब घाला. ते टाकीच्या पाण्याइतकेच कोमट असू द्या. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरची पिन काढा. शेवटचा ठिपका गेल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवा. पाणी थंड असेल तर त्याहून जास्त.

रोग येऊच नये म्हणून

नवे मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवा. त्यांची जाळी, पाइप वेगळे ठेवा आणि वापरून झाल्यावर कडक वाळवा. दुकानातले पाणी टाकीत ओतू नका. टाकीत गर्दी करू नका. हा रोग माणसाला होत नाही, तरी टाकीत हात घातल्यावर साबणाने धुवा.

या ईदला धाकट्याने पुन्हा मासे आणले. ते अजून टबातच आहेत. कॅलेंडरवर तो रोज एक फुली मारतो. आज सोळावी आहे.