हे खरं घडलंय का?

साताऱ्याचं खंडाळा खंबाटकी घाटाच्या पायथ्याला आहे. याच तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले जन्मल्या. दर वर्षी त्या दिवशी नायगावात पाय ठेवायला जागा नसते. तालुक्यातलं एक छोटं सार्वजनिक ग्रंथालय मी सांभाळते. सावित्रीबाईंचं चरित्र मागणारे पुष्कळ येतात, कविता मागणारे क्वचित. याचं मला मनापासून वाईट वाटतं. ‘काव्यफुले’ हा त्यांचा संग्रह १८५४ सालचा, त्यांच्या तेविशीतला. शिकण्याचा आग्रह धरणाऱ्या कविता त्यात आहेत, तशा जाईच्या आणि चाफ्याच्या फुलांवरच्याही आहेत. शूद्र-अतिशूद्रांच्या बाजूनं उभ्या राहिलेल्या या बाईनं आपण फक्त दुःखच लिहायचं, असं स्वतःवर बंधन घालून घेतलं नाही.

नायगावहून २९ ऑगस्ट १८६८ रोजी त्यांनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र मी नव्या वाचकाला मुद्दाम वाचायला देते. पंचांग घेऊन गावोगाव फिरणारा गणेश हा ब्राह्मण तरुण आणि शारजा ही महार मुलगी यांचं प्रेम जमतं. शारजाला दिवस जातात आणि गाव दोघांच्या जिवावर उठतं. सावित्रीबाई मध्ये पडतात, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक घालतात आणि दोघांना वाचवून जोतीरावांकडे धाडतात. आहे ते घरचं पत्र, पण त्यातली गर्दी अंगावर येते.

आज वंचित समाजातल्या लेखकाचं पुस्तक परत करताना वाचक बहुतेक वेळा एकच विचारतात, “बाई, हे खरं घडलंय का?” त्यात आस्था असते, हे मला कळतं. आत्मकथनांनीच आपल्याला असं वाचायला शिकवलं. दया पवारांचं ‘बलुतं’ १९७८मध्ये आलं, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’ १९८०मध्ये. आमच्या लोणंदवरून पुढे फलटणला बेबीताई कांबळे राहत. त्या दुकान चालवायच्या, पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीचे कागद वाचायच्या आणि घरच्यांपासून लपवून लिहायच्या. अभ्यासक मॅक्सीन बर्नसन फलटणला होत्या, त्यांच्यामुळे ते लेखन उजेडात आलं. ‘स्त्री’ मासिकात छापून आलेलं ते लेखन १९८६मध्ये ‘जिणं आमुचं’ या नावानं पुस्तक झालं. तेव्हा ‘हे असं घडलं’ असं ठणकावून सांगणं गरजेचंच होतं, कारण समाज ते मानायलाच तयार नव्हता.

पण लेखकानं जन्मभर साक्षच देत राहावं का? वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९५९मध्येच ‘फकिरा’ लिहून याचं उत्तर दिलं होतं. फकिरा खरोखर होऊन गेला, तरी अण्णा भाऊंनी त्याची कादंबरी रचली. बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३चा. पुढे आत्मकथनांच्या गाजावाजात या कथा-कादंबऱ्यांच्या रचनेविषयी, भाषेविषयी बोलणं मागे पडलं, असं मला वाटतं.

आताची तरुण पिढी पुन्हा कादंबरीकडे वळली आहे, आणि मला त्याचा फार आनंद आहे. सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याचे नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ला २०१८चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. धनगराच्या पोराचं शिक्षण, घरची ओढाताण आणि कोरडं रान त्यात जतच्याच बोलीत येतं. पुस्तकात स्वतःचं जगणं आहेच, पण ते निवडून, रचून मांडलेलं आहे. २०२०च्या टाळेबंदीत हेच गोरे शेतात मजुरीला जात होते. पुरस्कारानं लेखकाची चूल पेटत नाही, त्याचं पुस्तक विकत घ्यावं लागतं. म्हणून आमच्या तुटपुंज्या खरेदीत मी अशी पुस्तकं आधी घेते.

तुळजापूरचे देविदास सौदागर स्वतः शिंपीकाम करणारे. त्यांच्या ‘उसवण’ला २०२४चा युवा पुरस्कार मिळाला. तयार कपड्यांनी बाजार भरला आणि शिलाई मशीनवर पोट असलेल्या माणसाचं काय झालं, ते ही कादंबरी सांगते. आपल्या बाजारपेठेतही कपडे शिवून देणाऱ्यांची गिऱ्हाइकं अशीच घटली. हे घडलं की नाही, असं इथे कुणी विचारणार नाही. विचारायचं ते हे, की एका माणसाचं रिकामं दुकान कादंबरीभर वाचकाला धरून कसं ठेवतं?

कवितेची गोष्ट आणखी वेगळी. दिशा पिंकी शेख या तृतीयपंथी कवयित्रीचा ‘कुरूप’ हा संग्रह कॉलेजच्या मुली तृतीयपंथीयांविषयी माहिती हवी म्हणून घेऊन जातात. परत आणतात तेव्हा बोलणं माहितीवर राहिलेलं नसतं. कुणी एखादी कविता वहीत उतरवून घेतलेली असते, कुणी ती मला तिथेच वाचून दाखवते, आणि या बाईंचं दुसरं काही आहे का, म्हणून विचारते.