बेलाच्या पानातली नागअळी

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांमधलं कुंभकोणम हे देवळांचं शहर. दिवाळीच्या सुमारास तिथे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, परसातल्या लिंबाला पालवी फुटते आणि कोवळ्या पानांवर चंदेरी, वळणावळणाची रेघ उमटू लागते. विदर्भातला संत्रा बागायतदार ती लांबूनच ओळखतो. ही नागअळीची करणी.

तिचा पतंग पंख पसरून जेमतेम पाच मिलिमीटरचा. मादी कोवळ्या पानावर अंडं घालते. अळी पानाच्या सालीखाली शिरून पेशी कापते आणि त्यातला रस पिते. शेवटच्या अवस्थेत ती काहीच खात नाही. नुसतं रेशीम काढते, पानाची कड दुमडते आणि आत कोष करते. कलकत्त्याहून गेलेल्या नमुन्यांवरून हेन्री स्टेन्टन यांनी १८५६ मध्ये तिचं नाव ठेवलं: फिलोक्निस्टिस सिट्रेला. लिंबू, संत्रं, कामिनी आणि शंकराला वाहायचा बेल ही तिची झाडं. दिसायला वेगवेगळी, पण सगळी एकाच कुळातली. माणसाने ग्रंथात मांडलेलं हे नातं पतंगाच्या मादीला पानाच्या रसायनांवरून कळतं. तिला चुकून चालत नाही, कारण पानात कोंडलेल्या अळीला दुसरं झाड शोधता येत नाही.

हे पोखरणं फार जुनं आहे. पतंगांच्या सर्वांत आदिम घराण्यात, मायक्रोप्टेरिजिडीत, सोंड नसते. प्रौढ कीटक जबड्याने परागकण चावतात. त्यांच्यानंतरच्या नेप्टिक्युलिडी घराण्यात अळ्या पानांत शिरल्या. त्यांच्या बऱ्याच जाती झाडांच्या एकाच प्रजातीला धरून राहतात. अमेरिकेतल्या कॅन्सस-नेब्रास्काच्या खडकांत सुमारे ९.७ कोटी वर्षांपूर्वीच्या पानांवर अशा वाटा मिळाल्याचं १९९४ मध्ये प्रसिद्ध झालं. सिट्रेलाचं ग्रॅसिलॅरिडी घराणं मात्र या दोघांहून पुढारलेलं.

भारतात या बारक्या पतंगांचा अभ्यास दोन इंग्रजांनी उभा केला. बेनब्रिज फ्लेचर आधी कोईमतूरला, मग बिहारात पुसाला सरकारी कीटकशास्त्रज्ञ होते. अळ्या वाढवून, झाडाचं नाव टिपून ते पतंग इंग्लंडात मार्लबरोच्या शाळेत शिकवणाऱ्या एडवर्ड मेरिक यांच्याकडे धाडत. झाडाची ही नोंद महत्त्वाची, कारण पुष्कळ जाती नुसत्या पंखांवरून वेगळ्या काढता येत नाहीत.

सिट्रेलाच्याच ग्रॅसिलॅरिडी घराण्यात एपिसेफाला हा वेगळ्याच वळणाचा पतंग आहे. सह्याद्रीतलं भोमा हे झाड ज्या ग्लॉचिडियॉन प्रजातीतलं, तिच्या फुलांवर जपानी संशोधकांनी २००३ मध्ये त्याचं काम उघडकीस आणलं. मादी सोंडेने पराग गोळा करते, मादी-फुलाला मुद्दाम लावते आणि तिथेच अंडं घालते. अळी काही बिया खाते, बाकीच्या झाडाला उरतात.

सिट्रेलाकडून झाडाला असा काही मोबदला नाही. १९९३ मध्ये ती फ्लोरिडात पोचली आणि तिने पोखरलेल्या जागेतून खैऱ्या रोगाचे जिवाणू शिरू लागले. तिथे एजेनियास्पिस ही चिमुकली परजीवी गांधीलमाशी बाहेरून आणून सोडावी लागली. मोठं झाड हा मार सोसतं. रोपवाटिकेतल्या कलमांची वाढ मात्र खुंटते. म्हणून जपायची ती नवी पालवीच. जून पानांवर फवारून उपयोग नसतो, कारण मादी तिथे अंडी घालायला येतच नाही.