बरोबरी झाली, पुन्हा भेटू

एफए चषकावर लेख मागणाऱ्या संपादकांना बहुतेक वेळा अंतिम सामने हवे असतात. वेम्बलीची हिरवळ, राजघराण्याची हजेरी, चषक उंचावणारा कर्णधार. त्यावर पुष्कळ लिहून झालं आहे, माझ्याही हातून झालं आहे. यंदा मी एकच मोसम घेऊन बसलो आहे, १९७१-७२ चा. गेली पन्नास वर्षं मी मित्रांशी या मोसमावरून वाद घालत आलो आहे. तो फेरसामन्यांचा मोसम होता, आणि या स्पर्धेचा जीव फेरसामन्यात होता असं माझं ठाम मत आहे.

ते शताब्दीचं वर्ष होतं. १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हलवर वाँडरर्सनी रॉयल इंजिनिअर्सना १-० असं हरवलं, तेव्हा स्पर्धेत नावं दिलेले संघ होते अवघे पंधरा. हॅरो शाळेतल्या वसतिगृहांच्या आपसातल्या सामन्यांवरून चार्ल्स अल्कॉकना ही बाद पद्धतीची कल्पना सुचली, आणि पहिला चषक उचलणारे कर्णधारही तेच. हा इतिहास सर्वांना पाठ आहे, तेव्हा पुढे जाऊ.

आढावा घेणारे जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीपासून सुरुवात करतात. बडे क्लब तिथे उतरतात ना! मी नोव्हेंबरपासून सुरुवात करतो. कारण त्या नोव्हेंबरात पात्रता फेरीत अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी हे दोन छोटे संघ समोरासमोर आले आणि एकमेकांना सोडायलाच तयार होईनात. २-२, १-१, १-१, ०-०, ०-०. पाच सामने झाले तरी निकाल नाही. सहावा सामना व्हिला पार्कवर झाला आणि बॉबी होपच्या एकुलत्या एक गोलवर अल्व्हचर्च १-० असं सुटलं. सोळा दिवसांत अकरा तासांचा खेळ! दोनच दिवसांनी, अंग मोडून आलेल्या त्या संघाला पहिल्या फेरीत ऑल्डरशॉटने ४-२ असं हरवलं. काहींना यात निव्वळ दमछाक दिसते. मला त्यात बावीस माणसांचा हट्ट दिसतो. नियमच बदलल्यामुळे हा विक्रम आता कायमचा अबाधित राहणार, आणि याचं मला दुःख आहे.

त्याच महिन्यात बोर्नमथच्या टेड मॅकडूगलने मार्गेटविरुद्ध एका सामन्यात नऊ गोल केले. निकाल ११-०. या एका वाक्यावर त्याचं भागवतो, कारण मला हेरफर्डकडे पोचायचं आहे.

हेरफर्ड युनायटेड सदर्न लीगमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगच्या चार डिव्हिजनच्या बाहेर. खेळाडू अर्धवेळ. रॉनी रॅडफर्ड सुतारकाम करून पोट भरायचा. कॉलिन अ‍ॅडिसन स्वतः खेळायचे आणि संघाचं व्यवस्थापनही बघायचे. त्यांची वाट बघा कशी होती: किंग्ज लिनशी बरोबरी, फेरसामन्यात विजय. नॉर्दम्प्टनशी दोनदा बरोबरी, तिसऱ्या सामन्यात विजय. आणि तिसऱ्या फेरीच्या सोडतीत पडलं न्यूकॅसल युनायटेड, पहिल्या डिव्हिजनमधलं, माल्कम मॅकडॉनल्डचं न्यूकॅसल, तेही त्यांच्या घरच्या सेंट जेम्स पार्कवर.

पावसाने लांबलेला तो सामना २४ जानेवारीला झाला. ब्रायन ओवेनने सतराव्या सेकंदाला गोल केला. न्यूकॅसलने दोन गोल करून आघाडी घेतली, अ‍ॅडिसनने लांबून फटका मारून बरोबरी साधली, २-२. आता फेरसामना हेरफर्डच्या एडगर स्ट्रीटवर. मात्र मैदानात पाणी साचलं होतं. तारीख ठरायची, पुढे जायची, पुन्हा ठरायची. न्यूकॅसलचा संघ जवळच्या वुस्टरमध्ये हॉटेलात अडकून पडला. शेवटी ५ फेब्रुवारीला, बाकीचं इंग्लंड चौथी फेरी खेळत असताना, हे दोघे तिसऱ्या फेरीचा फेरसामना खेळायला उतरले.

मी तेव्हा गिरगावात राहत होतो. मुंबईत दूरदर्शन यायला आठ महिने अवकाश होता. थोरल्या भावाचा शॉर्टवेव्हचा रेडिओ खिडकीत, एरियलची तार गजाला गुंडाळलेली, आणि शनिवारी रात्री साडेदहानंतर लंडनहून निकाल. माझी एक जाड वही होती. ज्या जोडीची बरोबरी होई तिच्यापुढे मी पेन्सिलीने ‘फे.’ लिहायचो आणि फेरसामन्याचा निकाल कळला की शाईने आकडे भरायचो. निकाल वाचणारा यजमानांचं नाव आणि गोल सांगायचा, मग पाहुण्यांचं नाव, आणि त्या नावावर आवाज चढला की उतरला यावरून पुढचा आकडा ऐकण्याआधीच कळायचा. ‘हेरफर्ड युनायटेड दोन’ एवढं ऐकून मी वही जवळ ओढली. ‘न्यूकॅसल युनायटेड’ म्हणताना त्याचा आवाज खाली आला. मी भावाचा हात घट्ट धरला. ‘एक.’

तो सामना डोळ्यांनी बघायला मला कितीतरी वर्षं थांबावं लागलं. एका मित्राने विलायतेहून आणलेल्या कॅसेटवर पाहिला, आणि त्यानंतर इतक्या वेळा पाहिला की गोलची प्रत्येक पायरी पाठ आहे. झाडांवर, दिव्यांच्या मनोऱ्यांवर माणसं चढलेली. मैदान म्हणजे नांगरलेलं शेत. रॉजर ग्रिफिथ्सच्या पायाचं हाड सुरुवातीलाच मोडलं होतं, तरी तो खेळतच होता. मॅकडॉनल्डने ८२व्या मिनिटाला डोक्याने गोल केला. संपलं, असं सगळ्यांना वाटलं असणार. अ‍ॅडिसनने ग्रिफिथ्सला बाहेर घेऊन रिकी जॉर्जला उतरवलं.

आणि मग रॅडफर्ड. मधल्या चिखलात तो एका झटापटीत घुसतो, चेंडू हिसकावतो आणि ओवेनकडे देतो. ओवेन एका स्पर्शात परत देतो. चेंडू चिखलावर टप्पा घेऊन जरासा उसळतो, अगदी हवा तेवढा, आणि रॅडफर्ड धावता धावता तीसेक यार्डांवरून उजव्या पायाने असा काही ठोकतो की गोलरक्षक मॅकफॉल हवेत आडवा होतो आणि चेंडू वरच्या कोपऱ्यात. रॅडफर्ड दोन्ही हात वर करून पळत सुटतो. टोप्यांची लांब जाकिटं घातलेली पोरं चारी बाजूंनी मैदानात ओततात. जादा वेळेत, १०३व्या मिनिटाला, डडली टायलरच्या पासवर रिकी जॉर्जने वळून चेंडू जमिनीलगत दूरच्या कोपऱ्यात सरकवला. १९४९ मध्ये योव्हिलने संडरलंडला हरवल्यानंतर पहिल्यांदाच लीगबाहेरच्या संघाने पहिल्या डिव्हिजनच्या संघाला धूळ चारली होती. समालोचन करणारा तरुण जॉन मॉटसन त्या दुपारनंतर घराघरात पोचला.

आमच्यातले एक-दोन जाणकार म्हणवणारे लेखक अजूनही लिहितात की हा गोल चिखलाची कृपा. त्यांना माझं सांगणं आहे की चिखल दोन्ही संघांच्या पायांखाली सारखाच होता. त्यात उभं राहून वेळ साधणं ही कला आहे. इंग्लंडच्या प्रेक्षकांनी त्या गोलला मोसमातला सर्वोत्तम गोल ठरवलं, ते काही उगाच नाही.

चौथ्या फेरीत हेरफर्डने वेस्ट हॅमला घरी ०-० रोखलं. पुन्हा फेरसामना! कोळसा खाणकामगारांच्या संपामुळे वीजकपात चालू होती, प्रकाशझोत लावता येत नव्हते. म्हणून सोमवारी भर दुपारी अप्टन पार्कवर सामना झाला आणि कामाच्या दिवशी बेचाळीस हजारांवर माणसं आली. जेफ हर्स्टने तीन गोल केले, हेरफर्ड ३-१ असं हरलं. त्याच काळात आर्सेनल-डर्बी फेरसामन्याला हायबरीवर मंगळवारच्या दुपारी साठ हजारांहून अधिक लोक होते. फेरसामन्यांना प्रेक्षक नसतात असं आज सांगितलं जातं, तेव्हा मला त्या दोन दुपारी आठवतात.

पुढच्या फेऱ्या झरझर सांगतो. आर्सेनल-डर्बीचा निकाल तिसऱ्या सामन्यात १-० असा लागला. ओरिएंटने चेल्सीला ३-२ असं गारद केलं. स्टोकने मँचेस्टर युनायटेडला फेरसामन्यात काढलं आणि उपांत्य फेरीत आर्सेनलशी १-१ बरोबरी केली. त्या सामन्यात गोलरक्षक बॉब विल्सन जखमी झाला आणि आघाडीच्या जॉन रॅडफर्डला हातमोजे घालून गोलमध्ये उभं राहावं लागलं. गुडिसन पार्कवरच्या फेरसामन्यात त्याच जॉन रॅडफर्डच्या गोलवर आर्सेनल २-१ जिंकलं. लीड्सने चौथ्या फेरीत लिव्हरपूलला फेरसामन्यात २-० हरवलं, दोन्ही गोल अ‍ॅलन क्लार्कचे, आणि उपांत्य फेरीत बर्मिंगहॅमचा ३-० असा सहज निकाल लावला.

६ मे १९७२. वेम्बलीवर एक लाख प्रेक्षक आणि राणी. ५३व्या मिनिटाला मिक जोन्सने उजवीकडून चेंडू आत टाकला, क्लार्कने झेपावत डोक्याने मारला, लीड्स १-०. लीड्सचा आजवरचा हा एकमेव एफए चषक. सामना तसा रखरखीतच. मनात राहतो तो शेवट: कोपर निखळलेला जोन्स, नॉर्मन हंटरच्या आधाराने, वेदनेने वाकून, एकेक पायरी चढत राणीसमोर गेला.

दोनच दिवसांनी, सोमवारी, लीड्सला वुल्व्हजविरुद्ध लीगचा अखेरचा सामना खेळावा लागला. दुहेरी मुकुटासाठी बरोबरी पुरेशी होती. ते २-१ हरले आणि डर्बी एका गुणाने विजेते झाले. फेरसामन्यांचे विरोधक हा दाखला हमखास देतात, की वेळापत्रक खच्चून भरलं की असं होतं. पण त्या चषकात लीड्सच्या वाट्याला फेरसामना आला तो एकच, फेब्रुवारीतला. सोमवारचा तो सामना लावणाऱ्यांनी लावला होता. दोष तारखा ठरवणाऱ्यांचा आणि शिक्षा फेरसामन्याला, हा न्याय मला कधीच पटला नाही.

त्याच चषकाच्या पोटात पुढचं दुखणंही होतं. तेव्हा उपांत्य फेरीत हरलेल्यांचा तिसऱ्या क्रमांकासाठी सामना होत असे. ऑगस्ट १९७२ मध्ये बर्मिंगहॅम आणि स्टोक ०-० राहिले, आणि एफए चषकात पहिल्यांदाच निकाल पेनल्टी शूटआउटवर लागला, बर्मिंगहॅम ४-३. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. १९९१-९२ पासून एकाच फेरसामन्यानंतर शूटआउट आलं. १९९९ मध्ये आर्सेनल-मँचेस्टर युनायटेडच्या उपांत्य फेरसामन्यात रायन गिग्जने केलेला गोल मी पाहिला, आणि उपांत्य फेरीतला फेरसामना तिथेच संपला. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे सगळेच फेरसामने बंद.

यात गेलं काय? २००५ मध्ये लीगबाहेरच्या एक्सिटर सिटीने ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० केलं. दोन सामन्यांच्या उत्पन्नातल्या वाट्यावर त्या बुडीत क्लबला श्वास मिळाला. असे क्लब आता एका रात्रीत येऊन एका रात्रीत जातात. हेरफर्डलाच बघा. त्या चिखलातल्या विजयाच्या बळावर १९७२ च्या उन्हाळ्यात त्यांना फुटबॉल लीगमध्ये प्रवेश मिळाला. २०१४ च्या डिसेंबरात तो क्लब कर्जापायी गुंडाळला गेला. गावकऱ्यांनी नवा क्लब काढून एडगर स्ट्रीट जागता ठेवला आहे. आमच्या कूपरेजवरचा रोव्हर्स चषक, १८९१ पासूनचा, नवं शतक उजाडताच बंद पडला. त्याच्यासाठी मुंबईत कोणी एवढंही केलं नाही, हे लिहिताना हात जड होतो.

आजचा नियम तेव्हा असता तर? २४ जानेवारीच्या रात्री सेंट जेम्स पार्कवर २-२ झालं असतं, जादा वेळ, मग पाच-पाच फटके, आणि तिथल्या तिथे निकाल. न्यूकॅसलला हेरफर्डच्या दारात यावंच लागलं नसतं. एका सुताराने मारलेला तो फटका फुटबॉलच्या वाट्याला आलाच नसता.

ती वही अजून माझ्यापाशी आहे. पानं पिवळी पडली आहेत. हेरफर्ड-न्यूकॅसलच्या ओळीवर पेन्सिलीचं ‘फे.’ आहे आणि त्याच्या पुढे शाईने २-१. पेन्सिल आणि शाई यांच्यामध्ये बारा दिवस गेले. ते बारा दिवस रोज पाऊस पडत होता, रोज तारीख पुढे जात होती, आणि हेरफर्डमधलं प्रत्येक पोर रोज रात्री झोपताना मनातल्या मनात न्यूकॅसलला हरवत होतं.